नागपूरच्या गच्चीवरून मृगातील तेजोमेघ: फ्लॅट, फिल्टर की पेंच?

प्रश्न: मनीषनगरची गच्ची

सर्वांना नमस्कार.

मी नागपुरात मनीष नगर भागात राहतो आणि घराच्या गच्चीवरून तेजोमेघांची छायाचित्रे घेण्याचा अभ्यास करतो आहे. माझ्याकडे २४ मेगापिक्सेलचा, आतून कोणताही बदल न केलेला डीएसएलआर कॅमेरा, २०० मिलिमीटर फोकल लेंथची एफ/४ लेन्स आणि आकाशाच्या गतीने कॅमेरा फिरवणारा एक लहान ट्रॅकर आहे. सध्या सारे लक्ष मृग नक्षत्रातल्या एम ४२ या तेजोमेघावर आहे. मृगाच्या पोटात रुतलेल्या बाणाचे तीन तारे आपण सगळेच ओळखतो. त्यांच्या दक्षिणेला हा तेजोमेघ आहे आणि गच्चीवरून साध्या दुर्बिणीतूनही त्याचा धूसर ठिपका स्पष्ट दिसतो.

प्रत्येकी ३० सेकंदांच्या, आयएसओ १६०० वर घेतलेल्या फ्रेम मी डीपस्कायस्टॅकरमध्ये एकत्र केल्या. एकूण प्रकाश सुमारे दीड तासाचा भरला. सोबत डार्क फ्रेम (लेन्स झाकून घेतलेल्या) आहेत, फ्लॅट फ्रेम (एकसारख्या उजळ पृष्ठभागाच्या) नाहीत. एकत्रित चित्र गिंपमध्ये कर्व्हज वापरून स्ट्रेच केले, म्हणजे फिकट भाग दिसावेत म्हणून ताणून उजळ केले असता तीन गोष्टी खटकतात. पहिली म्हणजे चित्राचे चारही कोपरे काळवंडलेले आणि मध्यभाग उजळ दिसतो, शिवाय एका बाजूने तपकिरी-नारिंगी झाक चढत गेलेली दिसते. दुसरी म्हणजे तेजोमेघाचा गाभा निव्वळ पांढरा झाला असून गाभ्यातल्या ट्रॅपिझियम या तारकागटाचे चार तारे त्यात पूर्णपणे बुडाले आहेत. तिसरी म्हणजे इतरांच्या चित्रांत दिसणारी लाली माझ्या चित्रात जवळजवळ नाही. तेजोमेघ राखाडी-गुलाबी दिसतो.

पुढचे पाऊल कोणते असावे, याबद्दल मला मिळालेले सल्ले परस्परविरोधी आहेत. एकाच्या मते कॅमेऱ्यातील फिल्टर काढून घ्यावा, दुसऱ्याच्या मते प्रकाश प्रदूषणाचा फिल्टर लेन्ससमोर लावावा आणि तिसऱ्याच्या मते शहरातून हा नाद सोडून थेट पेंचच्या अंधाऱ्या जंगलात जावे. खर्चाला मर्यादा असल्यामुळे सगळे एकदम करणे मला शक्य नाही. यांपैकी कोणता दोष कशामुळे आला आहे, हे समजले तर क्रम ठरवणे सोपे जाईल.

उत्तर: ध्रुवमत्स्य

आपला प्रश्न नेमका आहे, म्हणून सविस्तर लिहितो. कोपऱ्यांचा काळपटपणा लेन्सचा आहे, एका बाजूची नारिंगी झाक नागपूरच्या आकाशाची आहे, गाभा पांढरा होणे हे सेन्सरच्या क्षमतेशी संबंधित आहे आणि लाली नसणे हे कॅमेऱ्यातील मूळ फिल्टरमुळे आहे. यांतील पहिल्या तिन्ही गोष्टींसाठी एक रुपयाही खर्च करण्याची गरज नाही, आणि त्या मार्गी लागण्यापूर्वी नवी खरेदी केली तर ती खरेदी आपल्याला काय देते आहे हेसुद्धा कळणार नाही.

सुरुवात फ्लॅटपासून करावी. अनेकांचा असा समज असतो की कोपऱ्यांचा काळपटपणा नंतर सॉफ्टवेअरमध्ये पार्श्वभूमी काढताना निघून जातो. तो तसा जात नाही, कारण दोन्ही दोषांचे गणित वेगळे आहे. शहराचा उजेड तेजोमेघाच्या प्रकाशात मिळवला जातो, म्हणून तो वजा करावा लागतो. लेन्सच्या कडेला कमी पोचणारा प्रकाश मात्र ठरावीक प्रमाणात कमी होतो, म्हणून तिथे भागाकार करावा लागतो. समजा, गच्चीवरच्या आकाशाचा उजेड चित्राच्या मध्यभागी ३००० एकके नोंदला गेला आणि कोपऱ्यात २० टक्के प्रकाश कमी पोचला, तर तिथे तोच उजेड २४०० एकके भरेल. फरक झाला ६०० एककांचा. तेजोमेघाच्या ज्या फिकट कडा आपल्याला दाखवायच्या आहेत, त्यांचा प्रकाश एखादे वेळी ५० एककेसुद्धा नसतो. स्ट्रेच करताना आपण खरे तर या ६०० एककांच्या डोंगरालाच ताणत असतो आणि ५० एककांची नाजूक रचना त्याखाली दबून जाते. शहरातून काम करणाऱ्याला फ्लॅट अंधाऱ्या जागेपेक्षा जास्त गरजेच्या असतात, याचे कारण हेच आहे.

फ्लॅट घेण्याची पद्धत साधी आहे. रात्रीचे काम संपल्यावर फोकस, अॅपर्चर आणि लेन्सची स्थिती यांना अजिबात हात लावू नये. धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडाची दुहेरी घडी लेन्सच्या हूडवर ताणून रबरबँडने बसवावी, सुरकुती राहू देऊ नये, आणि पूर्वेला उजाडू लागले की कॅमेरा डोक्यावरच्या आकाशाकडे रोखावा. आयएसओ रात्रीचाच ठेवावा आणि हिस्टोग्रामचे (उजेडाच्या आलेखाचे) शिखर साधारण मधोमध येईल एवढेच एक्स्पोजर द्यावे. अशा पंचवीस-तीस फ्रेम पुरतात. पहाटेपर्यंत थांबणे शक्य नसेल तर लॅपटॉपचा पांढरा पडदा चालतो, पण त्या वेळी शटर एक दशांश सेकंदापेक्षा जलद ठेवू नये, नाहीतर पडद्याच्या लुकलुकण्याचे पट्टे फ्लॅटमध्ये उतरतात. सेन्सरवरच्या धुळीची गोल वलयेही याच फ्लॅटमुळे निघतात. फ्लॅटसाठी स्वतंत्र बायस फ्रेमही घ्याव्यात: लेन्सवर झाकण, सर्वांत जलद शटर आणि तोच आयएसओ.

फ्लॅट लावल्यानंतर जे उरेल ती नारिंगी झाक खरोखर आकाशाची असेल. ती काढण्याचे काम कर्व्हजने करू नये. सिरिल हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि स्ट्रेच करण्याआधीच्या मूळ चित्रावर त्यात पार्श्वभूमी काढता येते. सॉफ्टवेअर चित्रभर नमुन्याचे छोटे चौकोन पेरते आणि त्यांवरून आकाशाच्या उजेडाचा पृष्ठभाग आखून तो वजा करते. इथे थोडे थांबून प्रत्येक चौकोन स्वतःच्या डोळ्यांनी तपासणे फार महत्त्वाचे आहे. एम ४२ च्या भोवती वायू आणि धूळ दूरवर पसरलेली आहे आणि त्याच्या उत्तरेला लागूनच एनजीसी १९७७ हा निळसर तेजोमेघ आहे. एखादा चौकोन त्या धुळीवर पडला की सॉफ्टवेअर धुळीलाच प्रदूषण समजते, ती वजा करते आणि तेजोमेघाभोवती एक काळे कडे उरते. असे कडे असलेली चित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत. आपल्या लेन्सचे क्षेत्र सुमारे साडेसहा अंश बाय सव्वाचार अंश आहे आणि एम ४२ चा पसारा एका अंशाच्या आसपास आहे, त्यामुळे कडेला स्वच्छ आकाश भरपूर उपलब्ध आहे. मधले सगळे चौकोन पुसून टाकावेत, कडेचे ठेवावेत आणि पृष्ठभागाची घात (डिग्री) पहिली किंवा दुसरीच निवडावी. घात जितकी मोठी, तितका तो पृष्ठभाग तेजोमेघाच्या आकारात शिरू लागतो.

यानंतर रंगांचे कॅलिब्रेशन. सिरिल चित्रातले तारे ओळखून गाइआ यानाच्या यादीतल्या त्यांच्या ज्ञात रंगांशी मेळ घालते. हे पार्श्वभूमी काढल्यानंतर आणि स्ट्रेच करण्यापूर्वीच करावे; क्रम बदलला तर रंगांचा पाया डळमळतो.

आता गाभ्याबद्दल. ३० सेकंदांत गाभ्यातील पिक्सेल काठोकाठ भरतात आणि एकदा भरलेल्या पिक्सेलमधून कोणतेही सॉफ्टवेअर काही परत आणू शकत नाही. म्हणून त्याच रात्री, त्याच फोकसवर, आयएसओ ४०० ठेवून २ ते ५ सेकंदांच्या फ्रेमचा एक वेगळा संच घ्यावा. दोन्ही संच स्वतंत्रपणे एकत्र करावेत, एकाच संदर्भ फ्रेमशी जुळवावेत आणि गिंपमध्ये दोन थर करून गाभ्याच्या जागी मऊ कडांचा मास्क लावावा. गाभा आणि बाहेर पसरलेले फिकट पंख यांच्या तेजातली ही दरी छायाचित्रकारांना सुरुवातीपासून भेडसावत आली आहे. हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी याच तेजोमेघाचे ५१ मिनिटांचे एक्स्पोजर घेतले आणि ते कोणत्याही तेजोमेघाचे पहिले छायाचित्र ठरले. त्यातही उजळ गाभाच प्रामुख्याने उतरला होता. मास्क घालताना एक पथ्य पाळावे: गाभा आजूबाजूपेक्षा उजळच राहिला पाहिजे. तो बाहेरच्या पंखांपेक्षा मंद केला तर तपशील दिसतात, पण तेजोमेघाला प्रकाश नेमका कुठून मिळतो हे चित्रातून नाहीसे होते. ट्रॅपिझियममधला सर्वांत तेजस्वी तारा या सगळ्या वायूला उजळवतो आहे, हे बघणाऱ्याला जाणवले पाहिजे.

लालीबद्दल माझ्यापेक्षा अधिक जाणकार मंडळी इथे आहेत, त्यांनी लिहावे.

उत्तर: रामटेकचा वाटसरू

ध्रुवमत्स्य यांनी फ्लॅटबद्दल लिहिलेले सर्व पटते. मात्र पेंचचा सल्ला आपण यादीत शेवटी ठेवला आहे, तो माझ्या मते बराच वर यायला हवा.

आकाशाचा काळोख दर चौरस विकलेला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) किती प्रत (तेजाचे माप), अशा एककात मोजतात. अंक जितका मोठा तितके आकाश अंधारे. मोठ्या शहराच्या मध्यवस्तीत हा अंक १८ च्या आसपास असतो आणि चांगल्या अंधाऱ्या जागी तो २१.५ पर्यंत जातो. साडेतीन प्रतींचा हा फरक उजेडाच्या हिशेबात सुमारे २५ पट होतो. आकाशाचा उजेड हाच नॉइजचा, म्हणजे चित्रातल्या दाणेदारपणाचा, मुख्य स्रोत असेल, आणि नागपुरातून तो असतोच, तर तेवढ्याच दर्जाच्या चित्रासाठी लागणारा वेळसुद्धा साधारण त्याच प्रमाणात वाढतो. पेंचच्या बाजूच्या एका तासाची बरोबरी करायला शहरात २५ तास लागतील, असा त्याचा सरळ अर्थ आहे. ध्रुवमत्स्य यांचेच उदाहरण घेतले तर पार्श्वभूमीची ३००० एकके तिथे १२० वर येतील आणि ५० एककांची फिकट कड आपोआप डोके वर काढील.

महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला. तो मिळवणारी ही भारतातील पहिली जागा आहे. त्यासाठी वाघोडा, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतील जंगलाच्या दिशेने उजेड फेकणारे दिवे बदलण्यात आले. नागपूरच्या माणसाला मनसरच्या वाटेने दीड-दोन तासांत हे आकाश गाठता येते. मुंबई-पुण्याच्या आकाशप्रेमींना असे भाग्य नाही, आणि आपण ते घराजवळ असूनही वापरत नाही याची मला मनापासून खंत वाटते. अर्थात हे वाघाचे जंगल आहे. रात्री वाटेल तिथे गाडी थांबवून ट्रायपॉड लावणे योग्यही नाही आणि सुरक्षितही नाही. वनविभागाची परवानगी घेऊन किंवा सिल्लारीच्या परिसरात मुक्काम करून त्या आवारातूनच काम करावे. लाल टॉर्च वापरावा आणि लेन्सभोवती गुंडाळायची गरम पट्टी न विसरता न्यावी, कारण थंडीत तलावांच्या बाजूला मध्यरात्रीनंतर दव इतके पडते की समोरची काच बघता बघता ओली होते.

दिशेचा विचार मात्र आधी करून ठेवावा. पेंचहून नागपूरचा उजेड दक्षिणेच्या क्षितिजावर दिसतो. एम ४२ ला त्याची फारशी बाधा होत नाही, कारण आपल्या अक्षांशावरून तो मध्यान्हरेषेवर सुमारे ६३ अंश उंच येतो. डिसेंबरच्या मध्यात तो मध्यरात्री या उंचीवर असतो आणि जानेवारीच्या मध्यात रात्री दहाच्या सुमारास, त्यामुळे मुक्काम न करता परतायचे असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतील अमावास्या सोयीची. पुढे उन्हाळ्याच्या सुरुवातीला धनु राशीतला एम ८ हा तेजोमेघ घ्यायचा झाला तर तो ४५ अंशांच्याही वर चढत नाही, आणि कॅरिना तेजोमेघ तर जेमतेम ९ अंश. अशा दक्षिणेकडच्या लक्ष्यांसाठी शहराच्या दक्षिणेला, उमरेडच्या पलीकडे भिवापूरच्या बाजूला जावे. तिथे नागपूरचा उजेड आपल्या पाठीमागे राहतो. त्या भागात कोळशाच्या खाणी असल्यामुळे जागा दिवसा पाहून ठेवावी.

उत्तर: हंसपुच्छ

मी भौतिकशास्त्र शिकवते आणि स्वतः शहरातूनच छायाचित्रे घेते, म्हणून फिल्टरच्या बाजूने चार शब्द लिहिते. वाटसरू यांचा २५ पटींचा हिशेब बरोबर आहे. पण तो ज्या प्रकाशाला लागू होतो तो प्रकाश कोणता, हे पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

एम ४२ सारख्या उत्सर्जन तेजोमेघातील वायू सर्व रंगांत प्रकाशत नाही. हायड्रोजनची लाल रेषा ६५६.३ नॅनोमीटरवर आहे आणि दुहेरी आयनीभूत ऑक्सिजनच्या दोन हिरवट-निळ्या रेषा ४९५.९ व ५००.७ नॅनोमीटरवर आहेत. बराचसा दृश्य प्रकाश या मोजक्या रेषांत एकवटलेला असतो. उलट रस्त्यावरच्या पांढऱ्या एलईडी दिव्यांचा उजेड ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या जवळजवळ संपूर्ण पट्ट्यात पसरलेला असतो. आता प्रत्येकी ७ नॅनोमीटर रुंदीच्या दोनच खिडक्या उघड्या ठेवणारा दुहेरी नॅरोबँड फिल्टर लावला, तर ३०० नॅनोमीटरपैकी १४ नॅनोमीटरमधला उजेड आत येईल, म्हणजे शहराचा उजेड ढोबळमानाने विसाव्या हिश्श्यावर येईल आणि तेजोमेघाच्या प्रमुख रेषा मात्र जवळपास पूर्ण मिळतील. पेंच जे २५ पटींनी देते, तेच हा फिल्टर गच्चीवर २० पटींनी देतो, आणि चंद्र आकाशात असलेल्या रात्रीही देतो.

परंतु हे फक्त वायूच्या प्रकाशापुरते खरे आहे. धुळीवरून परावर्तित होणारा ताऱ्यांचा प्रकाश सर्व रंगांत असतो आणि तो या फिल्टरमध्ये शहराच्या उजेडाइतकाच कापला जातो. ध्रुवमत्स्य यांनी उल्लेखलेला एनजीसी १९७७, कृत्तिकांभोवतीची निळी धूळ, एम ४२ च्या बाहेर पसरलेला तपकिरी धुरळा हे सारे गच्चीवरून फिल्टरने कधीच मिळणार नाही, त्यासाठी पेंचच. याउलट शृंगाश्वातला रोझेट तेजोमेघ किंवा हंसातला एनजीसी ७००० हे मुख्यतः हायड्रोजनचे आहेत आणि शहरातून उत्तम मिळतात. तेव्हा शहर की जंगल हे आपण कोणता प्रकाश गोळा करणार आहोत त्यावर ठरवावे. एम ४२ मध्ये दोन्ही प्रकारचा प्रकाश आहे, म्हणूनच त्याबद्दलचे सल्ले परस्परविरोधी वाटतात.

आता आपल्या कॅमेऱ्याकडे वळू. डीएसएलआरच्या सेन्सरसमोर कारखान्यातच बसवलेला फिल्टर इन्फ्रारेड अडवतो आणि माणसाच्या डोळ्याला साजेसे रंग यावेत म्हणून लालाच्या टोकालाही कात्री लावतो. ६५६ नॅनोमीटरवर साधारण चौथा हिस्साच प्रकाश पुढे जातो. त्यातही सेन्सरच्या चार पिक्सेलपैकी एकच लाल असतो. आपल्या चित्रातली राखाडी-गुलाबी छटा ही अशी घडली आहे: ऑक्सिजनचा आणि हायड्रोजनच्या निळ्या रेषेचा प्रकाश व्यवस्थित पोचतो, लाल मागे राहतो. तो फिल्टर काढून घेतल्यास लाल रेषेचा प्रकाश जवळपास चौपट होतो. काम अनुभवी माणसाकडूनच करून घ्यावे, कारण सेन्सरची पातळी किंचित जरी बदलली तरी फोकस बिघडतो; शिवाय नंतर दिवसाच्या छायाचित्रांना स्वतंत्र व्हाइट बॅलन्स लागतो आणि वॉरंटी संपुष्टात येते. घरात हाच कॅमेरा लग्नकार्यालाही वापरायचा असेल तर आधी घरच्यांशी बोलावे.

बदल न केलेल्या कॅमेऱ्यावर दुहेरी फिल्टर लावणे मला पटत नाही, कारण फिल्टरची लाल खिडकी आणि कॅमेऱ्याची कात्री एकमेकांना मारक ठरतात. जुन्या पद्धतीचा प्रकाश प्रदूषणाचा फिल्टरही घेऊ नये. तो सोडियमच्या ५८९ नॅनोमीटरच्या आणि पाऱ्याच्या ठरावीक रेषा अडवण्यासाठी बनलेला आहे. रस्ते एलईडीने उजळल्यावर त्याचा उपयोग फारच कमी उरला आहे.

शेवटी रंगांबद्दल एक आग्रहाची विनंती. लाली मिळाली नाही म्हणून सॅच्युरेशनची पट्टी शेवटपर्यंत ओढू नये. नोंदला न गेलेला लाल त्यातून येत नाही, फक्त नॉइज रंगीत होतो. ताऱ्यांच्या आधारे कॅलिब्रेशन केलेले आपले राखाडी-गुलाबी चित्र हे आपल्या कॅमेऱ्याने प्रामाणिकपणे नोंदलेले चित्र आहे. गंधक, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांना अनुक्रमे लाल, हिरवा आणि निळा रंग देण्याची हबल दुर्बिणीच्या चित्रांतली पद्धतही पूर्णपणे वैध आहे. मात्र चित्राखाली तसे लिहावे, म्हणजे पाहणाऱ्याला त्या रंगांवरून वायू ओळखता येतात.

प्रश्नकर्ता: मनीषनगरची गच्ची

आपण तिघांनीही इतका वेळ काढून लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. प्रथम फ्लॅट आणि गाभ्यासाठी छोटी एक्स्पोजर, त्यानंतर याच कॅमेऱ्याने जानेवारीच्या अमावास्येला पेंच, आणि रोझेटसारखी लक्ष्ये घ्यावीशी वाटली तरच पुढे कॅमेऱ्यातील बदल व फिल्टर, असा क्रम मी ठरवला आहे. हंसपुच्छ ताईंच्या खुलाशामुळे परस्परविरोधी वाटणारे सल्ले एकमेकांत बसले.

दोन शंका उरल्या आहेत. माझ्या गच्चीच्या उत्तरेला उंच इमारत असल्यामुळे ध्रुवतारा दिसत नाही. ट्रॅकर जुळवण्याचा मार्ग कोणता? तसेच स्ट्रेच केलेल्या चित्रात सगळीकडे एकाच तिरप्या दिशेने जाणाऱ्या बारीक रेघा दिसतात. डार्क फ्रेम संध्याकाळी, काम सुरू करण्यापूर्वी घेतल्या होत्या. या रेघांचा त्यांच्याशी संबंध आहे का?

उत्तर: ध्रुवमत्स्य

आहे, पण अर्धाच. आपल्याकडे थंडीत संध्याकाळचे २० अंश तापमान पहाटे १० वर येते. सेन्सरचा डार्क करंट (अंधारातही नोंदला जाणारा खोटा संकेत) दर ६ अंशांच्या आसपास दुप्पट होतो, त्यामुळे संध्याकाळच्या डार्क फ्रेममधला ठसा पहाटेच्या फ्रेमपेक्षा जवळपास तिप्पट गडद असतो आणि तो वजा केल्यावर गरजेपेक्षा जास्त वजाबाकी होते. डार्क रात्रभरात विभागून घ्याव्यात, म्हणजे काम सुरू झाल्यावर काही, मध्यरात्री काही आणि शेवटी काही.

उरलेला अर्धा भाग असा की ट्रॅकर रात्रभर अगदी सावकाश एकाच दिशेने सरकत असतो. सेन्सरवरचे सदोष पिक्सेलचे ठिपके जागच्या जागी राहतात, आणि सॉफ्टवेअर फ्रेम ताऱ्यांवर जुळवते तेव्हा ते ठिपके रांगेने सरकून रेघ तयार होते. उपाय म्हणजे डिदरिंग: दर चार-पाच फ्रेमनंतर कॅमेऱ्याची दिशा दहा-पंधरा पिक्सेलने मुद्दाम बदलावी, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या बाजूला. आपल्या लेन्सवर एक पिक्सेल सुमारे ३.८ विकलांचा भरतो, तेव्हा हा बदल एका कलेच्या (अंशाच्या साठाव्या भागाच्या) आसपासचा झाला. ट्रॅकरच्या बटणाला अगदी हलका स्पर्श केला तरी पुरतो. एकत्र करताना सिग्मा क्लिपिंगची पद्धत निवडली की जागा बदललेले ठिपके आपोआप वगळले जातात. डिदरिंग नीट जमले तर डार्क न घेताही चित्र स्वच्छ येते, आणि तापमान सतत बदलणाऱ्या डीएसएलआरसाठी मी स्वतः हाच मार्ग पसंत करतो.

ध्रुवताऱ्याची चिंता आपण समजता तितकी मोठी नाही. नागपूरहून ध्रुव अवघा २१ अंश उंच असल्याने शहरातल्या बहुतेक गच्च्यांवरून तो झाकला जातो. ट्रॅकरचा अक्ष ध्रुवापासून १० कला चुकला तरी ३० सेकंदांत तारा जास्तीत जास्त १.३ विकला सरकतो, म्हणजे आपल्या पिक्सेलचा तिसरा हिस्सा. ट्रॅकरचा कल २१ अंशांवर पक्का करावा. उत्तर दिशा होकायंत्राने ठरवताना ते हातात धरून कठड्यापासून लांब उभे राहावे, कारण स्लॅबमधल्या आणि कठड्यातल्या लोखंडी सळया सुई ओढतात. पुढची अचूकता लॅपटॉप जोडून मिळवता येते. निना या मोफत सॉफ्टवेअरमधली तीन बिंदूंची जुळवणी आकाशाच्या कोणत्याही मोकळ्या भागातील तीन चित्रे घेऊन अक्षाची चूक सांगते. ध्रुवतारा दिसण्याची अट तिला नाही. आपला ट्रॅकर एकाच अक्षावर फिरणारा असेल तर त्यात हाताने फिरवण्याचा पर्याय निवडावा लागेल.

फ्लॅट घेतल्यावर एकत्रित केलेले, पण स्ट्रेच न केलेले ३२ बिटचे चित्र आणि सोबत एक सुटी फ्लॅट फ्रेम इथे चढवावी. पार्श्वभूमीचे नमुने कुठे ठेवायचे ते मी त्याच चित्रावर खुणा करून दाखवीन.